दुसरी फिल्म

जानकीबाईंनी स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेला टेकवली आणि चष्मा वर सरकवला.

"ही माझी मांडी? केळीचा खांब आडवा कापल्यासारखी दिसते गो."

"मधलं पांढरं ते हाड," उत्तरा म्हणाली. "आणि हा करडा गोळा नसेवरचा. शेवग्याच्या शेंगेत बी फुगावी तसा."

"मग उद्या शेंग चिरायची आणि बी काढायची. एवढंच ना?"

"एवढंच."

सत्याऐंशी सालातला रविवार होता. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत मायलेकी दोघीच. आईच्या अंगावर लहानपणापासून चहा सांडल्यासारखे डाग होते, कातडीखाली मऊ गाठी होत्या. त्यांचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण दिवाळीपासून मांडीतल्या गाठीला नुसता पदर लागला तरी पावलापर्यंत झटका जाई.

उत्तरा पार्ल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिनं एक जाडजूड पुस्तक घरी आणून मज्जातंतूंच्या गाठींचं प्रकरण दोनदा वाचलं होतं. त्यामुळे घाटकोपरच्या डॉ. मिस्किटांनी पहिल्याच भेटीत आईला "मुलं किती?" असं विचारलं, तेव्हा ते का विचारताहेत हे तिच्या लगेच ध्यानात आलं. तिनं आईकडे पाहिलं. आई काय सांगते याची तिला उत्सुकता होती.

"एकच. ही," आई म्हणाली.

"हा आजार आईकडून मुलांत उतरू शकतो. शक्यता निम्मी-निम्मी."

त्या दिवसापासून आईनं स्वतःच्या मांडीची काळजी सोडली. रोज सकाळी उत्तराचे हात, मान, पाठ उजेडात धरून ती डाग शोधू लागली. डाग सापडला नाही. उजव्या मनगटावर वाटाण्याएवढी गाठ मात्र सापडली.

"माझंच आलंय हे तुझ्याकडे," फिल्म पाकिटात सरकवताना आई पुन्हा म्हणाली. "नाक माझं, हट्ट माझा. दुखणं तरी सोडायचं होतंस."

"दुखत नाही गं ते."

"माझंही तीस वर्षं दुखत नव्हतं. स्कॅन करून घे. मिस्किटांशी बोलून ठेवलंय मी."

"बघू."

"बघू नाही. माझी शपथ आहे तुला."

उत्तरा हो म्हणाली. मग लसूण सोलायला घेत तिनं विचारलं, "मी झाले तेव्हाचं सांग ना."

"कितीदा ऐकशील? घोडी झालीस." पण आई सांगू लागली. मालवणचं घर, तीन दिवसांच्या कळा, उशाशी बसलेली सुंदराबाई सुईण.

गेल्या खेपेला सांगताना कळा दोन दिवस होत्या आणि सुईण शेवंती होती. उत्तरानं पाकळीवरचं साल काढलं. "मग?"

"मग काय, तू. लालबुंद, बोंबलणारी. सुंदराबाई म्हणाली, आईचा आवाज घेऊन आलीय."

दोघी हसल्या.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ मांडीतून वर पोटात चढली होती आणि साधी नव्हती. चौथ्या दिवशी आई गेली.

तेरावं झाल्यावर उत्तरा घाटकोपरला गेली. हात डोक्यावर ताणून यंत्राच्या गोल तोंडाशी पालथी झोपली. श्वास धरा म्हटल्यावर धरला, सोडा म्हटल्यावर सोडला.

डॉ. मिस्किटांनी दिव्याच्या पेटीवर दोन फिल्मा शेजारी-शेजारी लावल्या. एक आईची, एक तिची.

"पाण्याची गाठ आहे, सांध्याची. नसेशी काही संबंध नाही." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या आईंनी मला तीनदा फोन केला होता या मनगटासाठी. आज असत्या तर बरं झालं असतं. निम्मी शक्यता होती, सुटलात तुम्ही."

उत्तरानं आईची फिल्म पेटीवरून काढून घेतली.

"शक्यता नव्हतीच, डॉक्टर," ती म्हणाली. "मी बारा दिवसांची असताना तिनं मला अनाथाश्रमातून आणलं. अकराव्या वर्षी मला कळलं. तिला कधी कळू दिलं नाही."