पूरा दाबलंय

नळीतला बुडबुडा तीन मिलिमीटरचा होता आणि जागचा हलत नव्हता. राऊ गावातल्या घरासमोर ईशा स्पोर्ट्स कारच्या ब्रेकमधली हवा काढत चाकापाशी बसली होती. ब्रेकचं पेडल दाबायला बाबा गाडीत बसले होते.

"बाबा, दाबलंत?"

"पूरा दाबलंय. तूच हवा सोडायचा स्क्रू ढिला केला नसशील, सायंटिस्ट मॅडम."

स्क्रू ढिलाच होता. तिनं उठून खिडकीतून पाहिलं. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"अजून दाबू?" त्यांनी विचारलं.

मधुमेहानं बाबांचे तळपाय बधिर झाल्याचं डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले होते. उद्या बाबा नातीला घेऊन घाट उतरणार होते.

"बाबा, उतरा," ती म्हणाली. "यापुढे गाडी तुम्ही चालवायची नाही."