चार गेले, चार आले

रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कंपनीतलं कोणीतरी बाहेरचं एक दार ठोठावत होतं.

कल्पेशला ते राउटरच्या नोंदींत दिसलं. आनंदनगरचा हा रंगाचा कारखाना, त्यात बत्तीस कम्प्युटर आणि ते सांभाळायला तो एकटा. बदलापुरातल्या कुठल्याशा घरगुती कनेक्शनकडे डेटाची चार बारकी पॅकेटं जायची, चार परत यायची, की सामसूम. रविवारी सुट्टी.

"आपला फॉर्म्युला चाललाय बाहेर," मॅनेजर दौलतराव म्हणाले.

"साहेब, एवढ्याशा पॅकेटात हळदीची पुडी मावायची नाही."

"मग काय जातंय?"

कल्पेशला तरी कुठे ठाऊक होतं? पण आता चैन पडेना. आतल्या कम्प्युटरांचे पत्ते रोज बदलत, त्यामुळे माणूस हाती लागत नव्हता.

"वाटच अडवतो," तो म्हणाला. "ज्याची अडेल तो आपल्या पायांनी येईल."

"अडवणार कसा?"

"फायरवॉल म्हणजे आपला वॉचमन, साहेब. हातात नियमांची यादी. वरून वाचत येतो, पहिला जुळला की तो पाळतो. खालचे बघतसुद्धा नाही."

"आपल्या वॉचमनपेक्षा बरा," दौलतराव म्हणाले.

मंगळवारी अकरा वाजता कल्पेशने बदलापूरच्या त्या पत्त्यावर बंदीचा नियम लिहिला. तो यादीत शेवटी जाऊन बसला. सेव्ह करून कल्पेशने चहा मागवला आणि तो दाराकडे डोळे लावून बसला.

साडेअकराला स्टोअरकीपर आनंदाकाका आले. सव्वीस वर्षांत ज्यांनी कधी अर्धा दिवस रजा घेतली नाही, त्यांच्या हातात भरलेला गेटपास होता.

"साहेब जागेवर नाहीत. त्यांना सांग, मी घरी चाललो."

"काय झालं, काका?"

"कौसाला, तुझ्या काकूला, ऐकू येत नाही, वाचता येत नाही. फोन काय कामाचा? मागच्या साली बाथरूममध्ये पडली, ती मी संध्याकाळी जाईपर्यंत तशीच. मग आमच्या मनालीने आयडिया काढली. रात्री मी वायफायचा डबा बंद करून ठेवतो, सकाळी आंघोळ झाली की तिची आई त्याचं बटण दाबते. मी इथून पिंग मारतो, डब्याला चार हाका. चार रिप्लाय आले की समजायचं, बरी आहे. आज एक पण नाही आला."

कल्पेशला हसू आलं आणि लाजही वाटली. कुठे फॉर्म्युल्याची चोरी आणि कुठे हे!

"काका, बसा. तो पत्ता मीच बंद केलाय सकाळी. काकूंना काही झालेलं नाही."

"नक्की?"

"माझ्या हाताने केलंय. अर्ध्या तासात चालू करतो, मग बघा."

त्याने गेटपास त्यांच्या हातातून काढून घेतला, फाडला आणि स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"जीव घेतलास बाबा. आधी विचारायचं ना."

चहा पिऊन ते निवांत स्टोअरकडे गेले. खाली माल उतरवायला गाडी लागली होती.

दोन-चार फोन उरकून, बाराच्या सुमाराला, कल्पेशने बंदी काढायला यादी उघडली. सगळ्यात वर जुनाच नियम होता: आतल्या सर्वांना बाहेर जाऊ द्या. तळाशी त्याची बंदी होती. तिच्यासमोर अडवलेल्या पॅकेटांचा आकडा होता: शून्य. आजही चार गेली होती; आलं एकही नव्हतं.