थंड जागा

"औषधं नेहमी थंड जागी ठेवावीत," जिल्ह्याहून आलेले साहेब आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना शिकवत होते.

तेवढ्यात शाळकरी वेणू वडिलांबरोबर इन्सुलिन न्यायला आली. कुमुद सिस्टर वर्गातून उठून औषधांच्या खोलीत गेल्या. फ्रीज उघडला, तर आत साहेबांच्या जेवणासाठी आणलेलं श्रीखंड! त्याला जागा करायला बाहेर काढलेलं इन्सुलिन सकाळपासून खिडकीत उन्हात तापत होतं.

सिस्टरांनी त्या गरम बाटल्या साहेबांपुढे ठेवल्या. "हे श्रीखंडासाठी?"

"मग काय, श्रीखंड नासू द्यायचं?" साहेब हसले. "द्या तिला तेच. काही होत नाही."

"तुमच्या मुलीला टोचाल?"

साहेबांनी पडद्यावर पुढचं चित्र लावलं. वेणूचे वडील हवालदिल झाले. तालुक्याची एसटी मघाशीच गेली होती.

सिस्टर बाहेर गेल्या आणि साहेबांच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "या दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात पोचव. साहेबांचा निरोप आहे."

गाडी फाटकाबाहेर पडताना साहेब खिडकीकडे धावले. सिस्टर शांतपणे आपल्या जागी येऊन बसल्या.

"शिकवा साहेब, सावकाश शिकवा. आता तुम्हालाही जायची घाई नाही."