नगरपालिकेचे कावळे

हौसाबाई गेल्याचं दवाखान्यातून कळलं, तेव्हा त्यांचे यजमान बबनराव दारात बसले होते आणि पालिकेचे कावळे गल्ली साफ करत होते. रस्ते झाडणाऱ्या डिझेलच्या गाड्या बंद करून पालिकेनं प्रयोगशाळेत घडवलेले हे कावळे आणले होते. पडलेलं उचलायचं आणि डब्यात टाकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. गावचे जुने कावळे त्यांच्या धाकानं कधीच पांगले होते.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. गेलेल्या माणसाच्या मनातलं वचन मिळेपर्यंत कावळा शिवत नाही, म्हणून बबनरावांनी दोन-तीन वचनं मनाशी जुळवून ठेवली होती. त्यांनी तोंड उघडायच्या आतच कावळा आला. त्यानं पिंड उचलला आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकला.

"शिवला! वन्सं तृप्त होऊन गेल्या," हौसाबाईंची भावजय म्हणाली.

"शिवला कसला? कचरा म्हणून उचलला," तिचा नवरा खेकसला.

"चोच लागली ना? मग झालं. मागं लोक खोळंबलेत," भटजी म्हणाले.

बबनरावांनी दुसरा पिंड ठेवला. "जरा दम धर बाबा, मला तिच्याशी बोलू दे," ते कावळ्याला म्हणाले. कावळ्यानं तोही उचलला.

घरी लेकीनं चहा पुढे केला. "आईचं काही राहिलं नव्हतं, दादा. लगेच शिवला की."

बबनरावांनी मान हलवली. हौसाबाईंच्या मनात काय होतं, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.