डावीकडचा रस्ता

आठव्या डॉक्टरांनीही रिपोर्ट खाली ठेवले. "रेवतीताई, कान, मान, मेंदू, सगळं उत्तम आहे."

"मग अकरा महिने मला भोवळ का येते?"

रेवती फडतरेच्या कानामागे सगळ्यांसारखाच वाटाड्या बसवलेला होता. तो माणसाचा तोल हलकेच झुकवी आणि पाय आपोआप योग्य रस्त्याला वळत.

"वाटाड्या तपासलात?"

"त्याचाही रिपोर्ट निर्दोष आहे."

"तो कुणी दिला?"

"वाटाड्याच देतो." डॉक्टर हसले. रेवती हसली नाही.

तिने वही उघडून नोंदी वाचून दाखवल्या. भोवळ फक्त रविवारी यायची, जुन्या गिरणीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळताना. तरी ती नेटाने वळायचीच, कारण दर रविवारी ती तिथल्या वस्तीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे जायची. "ताई, हल्ली तुझ्याशिवाय इकडे कुणी फिरकतच नाही," असं बहीण परवाच म्हणाली होती.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "गिरणीवरून मी रोज जातो. तिथं डावीकडे रस्ताच नाही."

"चला, दाखवते."

गिरणी दवाखान्यापासून जवळच होती. कोपऱ्यावर रेवती डावीकडे वळली. डॉक्टरांनी तिच्यामागे एक पाऊल टाकलं आणि एकदम तिचा दंड घट्ट पकडला.

"थांबा," ते म्हणाले, "मला गरगरतंय."