पथकाचा वाटाड्या

"हे घर कधीचं?" पथकाचे प्रमुख अंशुमन साहेबांनी विचारलं.

"लई तर चार वर्षांचं," हरिदास म्हणाला.

वीस वर्षांचं होतं. दारातली म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. हरिदासला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं, पण साहेब पुढे गेले होते. त्या दारावर गोल पडला नाही.

दिल्लीजवळच्या मानेसरच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी दोन वस्त्या. मध्ये नाला. अलीकडे हरिदासची माणसं, सोलापूरकडून दगड फोडायला आलेली. खाणी बंद पडल्या, माणसं इथंच राहिली. पलीकडच्यांशी वैर जुनं. टँकरच्या भांडणात त्यांनी हरिदासच्या भावाचं डोकं फोडलं आणि भाऊ गेला. त्यामुळे अतिक्रमण पथकाला वाट दाखवायला माणूस हवाय म्हटल्यावर हरिदासने फार विचार केला नाही. शिवाय बोली झाली होती: अलीकडचं एकही घर पडणार नाही.

पद्धत साधी होती. जे घर जुनं म्हणून किंवा बोलीप्रमाणे ठेवायचं, त्याच्या दारावर खडूचा गोल, आत साहेबांची सही. बाकीची घरं पाडायची. लोकांना सांगायचं, डासांची तपासणी आहे. दर दोन-चार महिन्यांनी डासवाले दारावर खडूने खरडून जातातच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. हरिदासच्या बायकोलाही नाही. शेवंताला त्याने डासांच्या खात्यात लागलो एवढंच सांगितलं होतं. खरं सांगायचं तोंड नव्हतं.

"यादी नाही करत साहेब?"

"कागद केला की कोर्टातून स्टे येतो," साहेब म्हणाले. दिल्लीत वाढलेले, पण घरी मराठी बोलणारे. "हरिदास, अमेरिकेत क्रो नावाची जमात होती. त्यांचे लोक घोडदळाला वाट दाखवायचे, आपल्या जुन्या वैऱ्यांविरुद्ध. तुम्ही आमचे बिल्कुल तसे."

"मग पुढं काय झालं त्यांचं?"

साहेब पुढच्या दाराकडे वळले. "तेवढं परीक्षेला नव्हतं यार."

पलीकडे ज्यांच्याकडे जुनं लाइटबिल निघालं, त्या दहा-बारा घरांना गोल मिळाला. तिथं हरिदासचं काही चाललं नाही. अलीकडे मात्र शब्द पाळला गेला. चाळीस दारं, चाळीस गोल. स्वतःच्या दारावरचा गोल त्याने दोनदा बघून घेतला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला शांत झोप लागली.

पाडव्याला पहाटेच साहेबांनी त्याला हायवेवर बोलावलं. जीपमध्ये बॅगा होत्या. मागे पोलिसांच्या गाड्या आणि तीन जेसीबी उभे होते.

"पथकाचं जॅकेट आणि कार्ड द्या. तुमचं काम झालं."

"मी पुढं चालतो ना. वाट दाखवतो."

"नको. माझी बदली झालीय. आता हे लोक बघतील. ते बाहेरचे आहेत, कुणाला ओळखत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत. त्यांना फक्त गोल कळतो." साहेबांनी बॅगेतून साखरेची गाठी काढली. "आईने करोल बागेतून आणल्यात. ही तुमच्या गुढीला."

जीप निघून गेली. हरिदास गाठी घेऊन परतला. मागून जेसीबीची घरघर येत होती. पलीकडच्या त्या म्हातारीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता. पलीकडे पाडवा नसतो, ते लोक अजून झोपलेच असतील. त्यांना उठवावं का? उठवून सांगणार काय? तो मान खाली घालून चालत राहिला. निदान आपली माणसं वाचली, असं त्याने दोन-तीनदा मनाशी म्हटलं.

आळीत गुढ्या उभ्या होत्या. अंगणं ओली, रांगोळ्या ताज्या. शेवंता पदराला हात पुसत बाहेर आली.

"गाठी आणलीत? बरं झालं." तिने कौतुकाने दाराकडे बोट दाखवलं. "बघा कसं लख्ख केलंय. तुमच्या डासवाल्यांनी सणासुदीला खडूनं नुसतं बरबटून ठेवलं होतं. आम्ही सगळ्या बायका पहाटेच लागलो घासायला, आळीतलं एक दार सोडलं नाही."