क्रुसाच्या टेकडीवरची भेग

भेगेच्या दोन काठांवर ठोकलेल्या खिळ्यांमधलं अंतर एकोणीस मिलिमीटर भरलं. तीन आठवड्यांपूर्वी ते अकरा होतं, गेल्या सोमवारी चौदा. ओडिलियानं पट्टी पुसून पुन्हा लावली. आकडा तोच.

वरचा खिळा कातळापासून तसूभरही सरकला नव्हता. सरकत होता तो खालचा.

पायवाट कातळाच्या धारेवरून चढत येई, आणि भेग तिच्यापासून चार पावलांवर, गवतात लांबवर गेली होती. माथ्यावर क्रूस, घंटा आणि ओडिलियाच्या धाकट्या बहिणीची, नुबियाची, खाण्याची टपरी. खाली दरी, दरीच्या पोटाशी कॉलेजचं गाव. अर्ध्या तासाची चढण. परीक्षा संपली की विद्यार्थ्यांची इथे रीघ लागायची.

"झालं का मोजून, प्रोफेसरीणबाई?" कढईत हरभरा भरलेले पास्तेल तळायला सोडत नुबिया ओरडली. "की आणखी थोडी वाढू दे म्हणून थांबलीयस?"

ओडिलिया विद्यापीठात माती आणि खडक शिकवायची. नगरपालिकेनं ही भेग तिच्याच गळ्यात बांधली होती. तिच्या सहीनं वाट बंद होणार होती, आणि तीन आठवडे ती सही टाळत होती.

फोटोसाठी दोन मुली गवतात उतरल्या.

"आत या! कातळावर या आधी!" ती एवढ्या जोरात खेकसली की मुली दचकल्या.

नगरपालिकेचे अधिकारी एवेलिओ टोपीनं वारा घेत टपरीपाशी बसले होते. मांडीवर कागद. ती जवळ येताच ते उठले.

"डॉक्टोरा, उद्या क्रुसाचा सण. आज काय ते सांगाच. 'बघू' आता पुरे."

"किती लोक येतील?"

"किती म्हणजे? अख्खं गाव! घंटा वाजली की चूल विझवायची आणि निघायचं, ही आपली रीत. गेल्या साली नव्वदीच्या क्लेमेंसियाआजीला खुर्चीत बसवून आणलं. खाली उरतात ती मांजरं."

"म्हणूनच बंद करणार ती," नुबिया झारा आपटत म्हणाली. "कर बाई. मी टपरी उचलते. मग आईचं सगळं तू बघ. रविवारी येऊन गालाचा मुका घेतला की झालं, असं नसतं ते."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? आठ दिवस आईच्या खोलीचं दार लागत नाहीये. दोनदा सुतार आणला, दोनदा त्यानं रंधा मारला. आज पुन्हा अडकलं. तुला ठाऊक तरी आहे?"

ओडिलियानं मान वर केली. "दार? पावसानं फुगलं असेल."

"कुठला पाऊस? नऊ दिवस थेंब नाही. आणि शेजारीही तेच. खालच्या आळीत सुताराची चंगळ आहे नुसती."

"झऱ्याचं पाणी?"

"काल संध्याकाळपासून तांबडं. का गं?"

 ओडिलिया भेगेपाशी परत गेली, गुडघ्यांवर बसली, पुन्हा पट्टी लावली. वीस. मघापासून पाऊण तासही झाला नव्हता. तिनं पट्टी खिशात घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मग उभी राहून खाली पाहत राहिली. भेगेच्या थेट खाली खालच्या आळीतली कौलं, वाळत घातलेल्या चादरी, शाळेच्या अंगणात चेंडूमागे धावणारे ठिपके.

ती परतली तेव्हा तिचा चेहरा पाहून नुबियानं चूल बारीक केली.

"बंदच ना?" तिनं विचारलं. "सांगून टाक एकदाचं."

एवेलिओंनी पेन पुढे केलं. ओडिलियानं ते घेतलं नाही.

"वाट उघडी राहील," ती म्हणाली.

नुबियानं दोन्ही हात तोंडावर दाबले. एवेलिओंनी हसून छातीवर क्रुसाची खूण केली. "देव तुमचं भलं करो! मग उद्या सकाळी सातला घंटा..."

"उद्या नाही, आत्ता वाजवा. हा कातळ पक्का आहे, सरकतोय तो गावावरचा उतार. सगळं गाव वर येऊ दे, आणि मी सांगेपर्यंत एकालाही घरी परतू देऊ नका."